वाट कोनी व्हती?

नाना, तुमच्या एका होडीची मी गव्हाण केली आहे. दोन म्हशी तिच्यात तोंड घालून कडबा खातात आणि पारडू तिच्या कडेला अंग घासतं. रागवायचं तर रागवा, पण तिचं लाकूड अजून सडलेलं नाही हे आधी ऐकून घ्या. दुसरी होडी शेडमागं उलटी पडली आहे, तिच्या पाठीवर आई मिरच्या वाळवते. मिरच्यांच्या गाडीतून आलेली वस्तू शेवटी मिरच्यांच्याच कामाला लागली. आठवतं ना, मुंबईला मिरची उतरवून परत येणाऱ्या ट्रकमध्ये तुम्ही त्या दोन जुन्या होड्या टाकून आणल्या होत्या, आणि शिडांच्या घड्या उलगडल्या तेव्हा सगळी शाळा शिंकत सुटली होती. गावातल्या लोकांनी तुम्हाला वेड्यात काढलं. पंधरा वर्षं नौदलात काढून माणूस घरी येतो, पपई लावतो, पेन्शन खातो, पोराचं लग्न करतो. हा गडी निवासी शाळेत खेळाचा मास्तर होतो आणि तापीच्या बॅरेजमागच्या पाण्यात शिडाच्या होड्या सोडतो. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी पारावर तुमचा विषय निघाला की कोणीतरी हसतंच. मीही हसतो. हसून घेतलेलं बरं असतं, म्हणजे पुढचं कोणी विचारत नाही.

आज रविवार आहे, दुपार. आई ओट्यावर लसूण सोलत बसली आहे आणि मी शाळेचे तक्ते भरतोय असं तिला वाटतंय. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झालो, हे तुम्ही बघितलंत. मास्तर झालो की खोटं बोलणाऱ्या पोरांची तोंडं ओळखू यायला लागतात, हे मात्र मला नंतर कळलं. मग तुम्हाला माझं तोंड ओळखू आलं नसेल असं इतकी वर्षं मी कशाच्या जोरावर समजत होतो, देव जाणे.

स्वयंपाकघरापासून सुरुवात करतो, कारण तुमचा सगळा कायदा मी तिथंच शिकलो. दर रविवारी तो वसतिगृहातून आपल्याकडे जेवायला यायचा. तो म्हणजे कोण, हे तुम्हाला सांगायला नको. धडगावच्याही पलीकडचा, नर्मदेच्या काठचा, ज्याच्या घराच्या अंगणात धरणाचं पाणी चढत चढत आलं आणि मग घरच वर डोंगरावर सरकवावं लागलं तो. आई त्याला माझ्याआधी वाढायची. ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा, वर शेंगदाण्याचं तेल. तो चार भाकरी खायचा आणि पाचवीला लाजायचा, मग आई ती त्याच्या ताटात टाकूनच मोकळी व्हायची. जेवण झालं की तुम्ही शेणानं सारवलेल्या जमिनीवर दोन सुक्या मिरच्या ठेवायचात. त्या होड्या. चुलीची फुंकणी म्हणजे वारा, कुठून येतो ते दाखवायला. बत्ता म्हणजे वळायची खूण. आई कटकट करायची की फुंकणी चुलीजवळ राहू द्या, आणि तुम्ही ऐकायचा नाहीत.

"ज्याले उजवा वारा, त्यानी वाट," तुम्ही सांगताय आणि एक मिरची बोटानं पुढं सरकवताय. दोन होड्या समोरासमोर आल्या तर ज्याच्या उजव्या अंगाला वारा लागतो वाट त्याची, त्यानं सरळ जायचं, ज्याच्या डाव्या अंगाला लागतो त्यानं बाजूला व्हायचं. वय बघायचं नाही, घराणं बघायचं नाही, आधी कोण आलं ते बघायचं नाही. उजव्या वाऱ्यावाल्यानं लांबूनच ओरडायचं, "उजवा!" म्हणजे समोरचा सावध होतो. त्यानं तेव्हाच विचारलं की सर, समोरचा हटलाच नाही तर. तुम्हाला तो प्रश्न फार आवडला. तुम्ही म्हणालात, "हक्क शे म्हनीसन धडकानं नही." वाट तुझी असली तरी समोरचा ऐकत नाही असं दिसलं की आपण वळायचं, होडी आणि माणूस वाचवायचा, आणि मग जागच्या जागी तक्रार करायची. तिथं बोलला नाहीस तर नंतर बोलायचं नाही. आणि ज्याची चूक झाली त्यानं स्वतःहून, कोणी न सांगता, होडीचे दोन गोल मारायचे आणि मगच पुढं जायचं. मी विचारलं, कोणी बघितलंच नसेल तर? तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, तेव्हा तर मारायचेच. त्याचा प्रश्न कसला आणि माझा कसला, हे तेव्हाच कोणाच्या लक्षात यायला हवं होतं.

तो माझ्यापेक्षा चांगला होता. हे मी कधी कोणाजवळ बोललो नाही, आज लिहितो. मी शिडाकडे बघून होडी चालवायचो, तो पाण्याकडे बघून. लांब पाण्यावर बारीक काळी थरथर दिसली की तो म्हणायचा, वारा येतोय, आणि मी मान वर करेपर्यंत त्याची होडी वळलेली असायची. तुम्ही काठावर उभं राहून त्याला "वा रे" म्हणायचात. मला म्हणायचात, "पाठ सरळ." दोन वर्षांत "पाठ सरळ" याशिवाय तुमच्याकडून काही मिळालं असेल तर मला आठवत नाही. ही तक्रार नाही. म्हणजे, आहेच.

मग तुमच्या जुन्या साहेबांचा निरोप आला. मुंबईला मुलांचं शिबिर, आपल्या शाळेकडून एकच मुलगा. तिथं टिकला तर तिथंच राहायचं, तिथंच शाळा, रोज समुद्रावर, आणि मोठा झाल्यावर नौदलाची वाट मोकळी. वयाची अटही होती, पुढच्या वर्षी आम्ही दोघंही बाद. तुम्ही सहा शर्यती ठरवल्यात. पाचव्या शर्यतीनंतर तो तीन, मी दोन असे होतो. सहावी मी जिंकलो तर बरोबरी, आणि बरोबरी झाली तर शेवटची शर्यत जिंकणारा जाणार, असं तुम्ही आधीच दोघांना सांगून ठेवलं होतं. ती सहावी आली होळीच्या दोन दिवस आधी. डोंगरातली पोरं होळीला वसतिगृहात थांबत नाहीत, परीक्षा असली तरी थांबत नाहीत. जीपच्या टपावर बसून जातात. तो थांबला होता. त्याचा बाप त्याला न्यायला आला आणि एकटाच परत गेला, हे मी शाळेच्या फाटकात उभं राहून बघितलं आहे.

दुपारी पश्चिमेचा वारा सुटला आहे. शेवटचा टप्पा वाऱ्याच्या तोंडावर, नागमोडी चढत जायचा, एकदा या काठाकडे तिरकं, एकदा त्या, म्हणून दोन होड्यांच्या वाटा एकमेकींना कापतात, आणि वाटेत त्या बुडालेल्या बाभळी. बॅरेजचं पाणी चढल्यावर मेलेल्या, काळ्या फांद्या वर काढून उभ्या असलेल्या. त्यांच्या मागं गेलेली होडी तुम्हाला काठावरून दिसत नाही. तो माझ्या थोडा पुढं आहे आणि बाभळींमागं आम्ही समोरासमोर येतो. त्याला उजवा वारा, मला डावा. इतकं स्वच्छ की मिरच्या ठेवून दाखवावं. तो ओरडतो, "उजवा!" मी ऐकतो. पुन्हा ओरडतो. मला त्याच्या मागून जायला हवं, आणि मागून गेलो की संपलं. मी सुकाणू धरून बसतो. त्याच्याकडे बघतही नाही. नाना, मला माहीत होतं की तो वळेल. तुम्हीच त्याला शिकवलं होतं, धडकायचं नाही. मी तुमच्या एका नियमाच्या भरवशावर दुसरा मोडला. शेवटच्या क्षणी त्यानं होडी वाऱ्यात उभी केली, त्याचं शीड फडफडायला लागलं, आणि माझी होडी त्याच्यापुढून वीतभर अंतरानं निघून गेली. बाभळींच्या बाहेर आलो तेव्हा तुम्ही काठावर दिसलात, कपाळावर हात धरून बघत होतात. दोन गोल मारायला फार तर मिनिट लागलं असतं. मी पाठ सरळ केली.

होड्या ओढून वर घेतल्यावर तुम्ही आमच्याजवळ आलात. शाळेची चार माणसं मागं उभी होती. वाऱ्यात कोणीतरी ओरडल्याचं तुम्हाला ऐकू आलं होतं, पण आमचे दोघांचेही आवाज त्या वर्षी फुटलेले, कोण ओरडलं ते कळत नव्हतं. तुम्ही त्याला नाही विचारलंत, मला विचारलंत.

"वाट कोनी व्हती?"

"मन्ही."

वाट माझी, असा एकच शब्द. मग तुम्ही त्याच्याकडे वळलात. तो पायातल्या चिखलाकडे बघत होता. त्यानं मान हलवली, होकारार्थी. मग म्हणालात, तक्रार नाही तर निवाडा नाही, आणि शिटीची दोरी बोटाला गुंडाळत चालू लागलात. त्या रविवारी तो जेवायला आला नाही. आईनं भाकरी टोपल्यात झाकून ठेवली होती, संध्याकाळी गाईला घातली. त्याच्या पुढच्याही रविवारी तो आला नाही. शाळेत कुजबुज सुरू झाली की सरांनी घरचं पोर पुढं काढलं. तुम्ही ऐकून घेतलंत. तुमच्यासारखा तोंडावर बोलणारा माणूस तोंडात गुळणी धरून बसला, आणि मी नव्या बॅगेची चेन उघडून बंद करून बघत होतो.

आणि एवढं करून मी शिबिरातून आठव्या दिवशी परत आलो. पोट दुखतं असं सांगून आलो. पोट दुखत नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिथल्या मास्तरांनी फळ्यावर दोन होड्या काढल्या आणि विचारलं, सांगा, वाट कोणाची? पोरांनी हात वर केले. मी माझा हात मांडीखाली दाबून धरला. ती जागा तशीच रिकामी गेली. तुम्ही मला नंदुरबारच्या स्टेशनावर घ्यायला आलात, बॅग हातातून घेतलीत आणि पुढं चालू लागलात. महिन्याभरात होड्या पाण्यातून वर आल्या, शेडमध्ये गेल्या. दहावी झाल्यावर तोही वसतिगृह सोडून गेला, आणि पुढं तुम्ही पोरांना कबड्डी शिकवत राहिलात.

शेवटच्या आजारात, तुम्हाला उशीला टेकवून बसवलं होतं तेव्हा, मी मोसंबी सोलत होतो. तुम्ही खिडकीकडे बघत म्हणालात, "त्या पोऱ्याले शोध एकदाव." कोणत्या, हे मी विचारलं नाही. हो म्हणालो. शोधून काय सांगू, हे तुम्ही बोलला नाहीत, आणि मी मोसंबीची फोड तुमच्या हातात दिली. खोलीत आपण दोघंच होतो. इतकी सोपी वेळ मला आयुष्यात परत कोणी दिली नाही. चार दिवसांनी तुम्ही गेलात. मी त्याला शोधला नाही.

तोच सापडला. मागच्या निवडणुकीत माझी ड्युटी नर्मदेकाठच्या एका गावाची आली. धडगावपासून जीपनं खाली उतरायचं आणि पुढं होडीनं. पेट्या, यंत्रं, दोन पोलीस, आम्ही चार मास्तर, आणि इंजिनाजवळ सुकाणू धरून तो. केस पिकले आहेत, अंग भरलं आहे. मी ओळखायच्या आधी त्यानंच लाइफ जॅकेट माझ्या अंगावर टाकलं आणि म्हणाला, पोहता येतं माहीत आहे, तरी बांध. पुढं तासभर तो पाण्याकडे बघत होडी हाकत राहिला. पाणी दोन्ही बाजूंच्या डोंगरांत घुसलेलं, वर उतारावर तुरळक घरं. मग डावीकडच्या फाट्यातून शेळ्यांनी भरलेली एक होडी आली आणि आमच्यापुढून कापून गेली. त्यानं इंजिन कमी केलं, तिला जाऊ दिलं. आणि नाना, ती होडी थोडी पुढं गेली, वळली, आणि शेळ्या ओरडत असताना पाण्यात एक गोल मारला. मग दुसरा. मग आपल्या वाटेनं गेली. आमच्यातला पोलीस म्हणाला, प्यालाय वाटतं. हा म्हणाला, "चुकला, म्हणून गोल मारतोय. इथं सगळे मारतात. सरांचा कायदा आहे."

इथं शिडं नाहीत, म्हणून त्यानं वाऱ्याच्या जागी उजवा हात घातला. ज्याला आपल्या उजव्या हाताला दुसरी होडी दिसते, त्यानं थांबायचं. बाकी सगळं तुमचं. आधी त्याच्या भावांनी धरलं, मग बाकीच्या होडीवाल्यांनी. मी मान खाली घालून यंत्राच्या पेटीवरचा नंबर वाचत बसलो. आता विचारलं नाही तर कधीच नाही, एवढं मात्र कळत होतं.

काठाला लागल्यावर सामान वर चढेपर्यंत आम्ही दोघं होडीच्या कडेवर बसलो. मी विचारलं, तेव्हा मान का हलवलीस. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मास्तर होऊन एवढंही कळत नाही का.

"तुझ्या आईच्या हातची भाकरी खात होतो. तिच्याच पोराला तिच्याच नवऱ्यासमोर खोटं पाडू? आमच्याकडं नाही करत असं." मग म्हणाला, "राग त्याचा नाही आला. आठ दिवसांत पळून आलास, तेव्हा आला. जागा घेतली होतीस, तर बसायचं तरी तिथं."

त्यानं पाण्यातून हात फिरवला, तोंड पुसलं, आणि मग विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं, पण मान वळवून, माझ्याकडे न बघता.

"सरांना नंतर सांगितलंस ना?"

"सांगितलं."

"मग बरं," तो म्हणाला. त्याचा चेहरा सुटला, नाना. चाळिशीकडे झुकलेल्या माणसाचा चेहरा एका शब्दानं असा सुटतो हे मी पहिल्यांदाच बघितलं. म्हणाला, इतकी वर्षं त्याला एकच लागून राहिलं होतं, की सर गेले ते त्याचीच चूक होती असं समजून गेले. जागा गेली त्याचं काही नाही, होडी त्याची स्वतःची आहे, पोरं शिकतात. पण सरांनी जिवाचा आटापिटा करून शिकवलेला पहिला नियम आपल्याला आला नाही असं सरांना वाटलं असेल, हे त्याला सहन होत नव्हतं.

घरी आल्यावर मी एक गोष्ट केली. आई देवळात गेली होती तेव्हा स्वयंपाकघरात बसलो. आता तिथं फरशी आहे. फुंकणी नाही, म्हणून लाटणं ठेवलं पश्चिमेला. दोन मिरच्या घेतल्या. आपला काठ, बाभळी, तुम्ही उभे होतात ती जागा. पश्चिमेच्या वाऱ्यात वर चढणारी होडी, तिला उजवा वारा असेल तर ती आपल्या काठापासून लांब, पलीकडे जाते. डावा असेल तर आपल्या काठाकडे येते. आणि मी बाभळींच्या मागून बाहेर पडलो तो सरळ तुमच्याकडे तोंड करून. मिरची माझ्या बोटाखाली होती आणि तिचं टोक तुमच्याकडे होतं. पंधरा वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसाला हे कळायला किती वेळ लागला असेल? होडी बाहेर आली त्याच क्षणी कळलं असेल. म्हणजे तुम्ही विचारलंत तेव्हा तुम्हाला उत्तर माहीत होतं. तुम्ही मला गोल मारायची एक जागा काढून देत होतात, चार माणसांसमोर. आणि पुन्हा एकदा, मोसंबी खाताना.

आता बघा माझी पंचाईत. हे त्याला जाऊन सांगायला हवं, की सरांना तेव्हाच माहीत होतं, चूक तुझी नाही हे ते समजूनच होते. पण ते सांगायचं तर आधी कबूल करायला हवं की मी तुम्हाला कधीच सांगितलं नव्हतं, होडीच्या कडेवर बसून त्याच्याशीही खोटं बोललो. परवा धडगावच्या जीपपर्यंत गेलो होतो. भरेपर्यंत उभा राहिलो आणि ती भरल्यावर घरी आलो. म्हणून हे लिहायला बसलो, की निदान त्याला सांगितलेलं थोडं तरी खरं व्हावं. होत नाही ते. गोल तिथल्या तिथं मारायचे असतात, हे तुम्हीच शिकवलंय, आणि हा कागद मी कुठं टाकणार आहे? आई आत आली तर तक्त्यांखाली सरकवीन.

पण तुम्ही विचारलं होतं, आणि उत्तर अजून द्यायचं राहिलं आहे. नाना, वाट त्यानी व्हती.